‘मेजर’ घरी आले, पुढे काय? जखमी सैनिकांवरचे चित्रपट समजून घेताना

साताऱ्या-सांगलीकडे फौजेतून पेन्शनीत आलेल्या कोणालाही गाव ‘मेजर’च म्हणतं. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, पारावर तो मेजर. पंधरा ऑगस्टला त्याला झेंड्याजवळ मानानं उभं करतात. पण तो घरी आला तेव्हाचं पहिलं वर्ष कसं गेलं, रात्री झोप लागायची का, हे सहसा कुणी विचारत नाही. तो जखमी होऊन आला असेल तर त्याहूनही नाही.

२०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला आणि सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव घरोघरी पोहोचलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला, दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता आणि भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णही. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये.

चित्रपट बघून येताना माझ्या भाचीनं विचारलं, “मावशी, गोळ्या लागल्यापासून पदक मिळेपर्यंत सात वर्षं गेली. या सात वर्षांत ते रोज सकाळी उठून काय करत होते?”

प्रश्न अगदी मोक्याचा आहे. अडीच तासांत अख्खं आयुष्य सांगायचं तर या सात वर्षांच्या वाट्याला थोडाच वेळ येणार. पण जगात असे काही चित्रपट आहेत, जे फक्त या मधल्या वर्षांवरच उभे आहेत. त्यात लढाई जवळजवळ दिसतच नाही. लढाई संपलेली असते, माणूस जिवंत घरी आलेला असतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. हे चित्रपट कसे पाहावेत, त्यात काय शोधावं, हे भाचीला समजावताना जे सुचलं ते इथे मांडते आहे.

जखम भरणं वेगळं, घरी परतणं वेगळं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता. पाणी ओसरलं तेव्हा बातम्या थांबल्या. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांचं काम मात्र तेव्हा सुरू झालं. गाळ काढायचा, भिंतींची ओल जाईपर्यंत थांबायचं, मीटर बदलायचं, भिजलेले कागद वाळवायचे. घर पुन्हा घरासारखं व्हायला कितीतरी महिने गेले.

जखमी सैनिकाचं असंच असतं. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, ताप उतरला, हे पाणी ओसरणं झालं. याला उपचार म्हणायचं. त्यानंतर त्या बदललेल्या शरीरानिशी आंघोळ, जेवण, नोकरी, संसार, चारचौघांत वावरणं हे सगळं पुन्हा बसवायचं, याला पुनर्वसन म्हणतात. उपचार डॉक्टर करतात. पुनर्वसन मात्र एकट्या डॉक्टरच्या किंवा एकट्या जखमीच्या हातचं नसतं. आई, बायको, मालक, शेजारी आणि सरकार या सगळ्यांनाच त्यात काहीतरी नव्यानं शिकावं लागतं.

आपल्याकडे या विषयावर बोलताना पहिला शब्द येतो ‘जिद्द’. जिद्द खरीच आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एवढंच सांगितलं की बाकीचे सगळे सुटतात. या प्रकारातले चांगले चित्रपट बाकीच्यांना सुटू देत नाहीत, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचे वाटतात.

आकडे, आणि सायकलच्या ब्रेकची तार

सुरुवात १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज’पासून करू. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः युद्धात विमानांतून चित्रीकरण करत होते आणि त्यात त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली होती. एकाच गावचे तिघे जण एकाच विमानातून घरी परततात, अशी साधी गोष्ट. त्यांतला होमर हा नौदलातला पोरगेला खलाशी. जहाजावरच्या आगीत त्याचे दोन्ही हात गेलेत आणि हातांच्या जागी धातूचे आकडे आहेत.

होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल हा नट नव्हता. तो पॅराशूट दलात सार्जंट होता, आणि त्याचे हात खरोखरच गेले होते. तारीख होती ६ जून १९४४, म्हणजे मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तोच दिवस. रसेल मात्र अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत होता. प्रशिक्षणासाठीच्या एका फिल्मचं काम चालू असताना सदोष फ्यूजमुळे त्याच्या हातातच स्फोटकं उडाली. पुढे जखमी सैनिकांच्या पुनर्वसनावर लष्करानं काढलेल्या एका माहितीपटात तो दिसला आणि तिथे वायलरच्या नजरेत भरला. निर्मात्यानं त्याला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं, तेव्हा वायलरनं ती शिकवणी बंद करायला लावली. त्याला तो होता तसाच हवा होता.

हे आकडे चालतात कसे, ते कळलं की चित्रपट वेगळाच दिसतो. सायकलचा ब्रेक आठवा. मुठीजवळची कांडी दाबली की तार ओढली जाते आणि लांब चाकापाशी ब्रेक लागतो. या हातांतही तशीच तार असते. पाठीवरून एक पट्टा घातलेला असतो. खांदा पुढे नेला की तार ताणली जाते आणि आकड्याचे दोन भाग उघडतात. खांदा सैल सोडला की रबराच्या कड्या ते मिटवतात. म्हणजे काडेपेटीतली काडी उचलायची ती खांद्यानं. रसेल पडद्यावर काडी ओढतो, सिगारेट पेटवतो, पियानोही वाजवतो. बघताना थक्क व्हायला होतं.

पण वायलर तिथे थांबत नाही. होमरच्या घरी पहिल्याच संध्याकाळी काय होतं पाहा. सोबत्यांचा निरोप घ्यायला तो हात हलवतो, आईला तो आकडा दिसतो आणि तिचा हुंदका तिला आवरत नाही. शेजारची विल्मा, त्याची ठरलेली मुलगी, धावत येऊन त्याला मिठी मारते. तो मात्र हात खाली सोडून खांबासारखा उभा. त्यांच्यात वाईट कुणीच नाही, सगळे प्रेमच करतात. पण घरात एकालाही नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. पुढे गल्लीतली पोरं खिडकीतून त्याच्याकडे टक लावून बघतात, तेव्हा तो भडकून दोन्ही आकडे काचेतून आरपार घालतो.

मग ती रात्र येते. आपल्याशी लग्न करायचं म्हणजे काय, हे विल्माला दाखवण्यासाठी होमर तिला वर आपल्या खोलीत नेतो. पट्टा खांद्यावरून उतरवतो. आकडे पलंगावर पडतात. तो तिला सांगतो की आता हे पुन्हा चढवायचे तर मला कुणाला तरी हाक मारावी लागते. वाऱ्यानं हे दार लागलं तर मला उघडता येणार नाही. मी आता तान्ह्या लेकरासारखा आहे. हे बोलताना त्याचा सूर रडवेला नसतो. घरातल्या कुलपाची खोड पाहुण्याला सांगावी तसं तो सांगतो. विल्मा पुढे होते आणि त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते. हा प्रसंग रसेलच्या खऱ्या खांद्यांवर, खऱ्या खुंटांवर चित्रित झालाय. दिवसभर काडी पेटवणारा, पियानो वाजवणारा माणूस रात्री दहा वाजता दाराच्या कडीपुढे हतबल होतो. जिद्द आणि मदतीची गरज एकाच अंगात, एकाच दिवसात असते, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

हात शाबूत असलेल्या दोघांचं काय?

उरलेल्या दोघांना वरून काही झालेलं नाही. फ्रेड हवाई दलात कॅप्टन होता, छातीवर पदकं आहेत. युद्धापूर्वी मात्र तो औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर सोडा आणि आइस्क्रीम विकायचा. परत आल्यावर त्याच दुकानात आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर पुन्हा उभा राहतो. लष्करात त्याला महिन्याला चारशेहून जास्त मिळत होते. बाँब कुठे टाकायचा एवढं अचूक शिकलेल्या माणसाला शहरात नोकरी नाही. रात्री झोपेत तो पेटलेलं विमान बघून ओरडत उठतो. तिसरा अल हा बँकवाला. एक माजी सैनिक शेतीसाठी कर्ज मागायला येतो, गहाण ठेवायला त्याच्याकडे काहीच नसतं. अल कर्ज मंजूर करतो आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतो. घरी दारूचा ग्लास त्याच्या हातून सुटत नाही.

हे सगळं दाखवताना छायालेखक ग्रेग टोलंड एक युक्ती वापरतो. जवळची आणि लांबची, दोन्ही माणसं एकाच चौकटीत सारखीच स्पष्ट दिसतील असा कॅमेरा तो लावतो. समोर होमर आकड्यांनी पियानो वाजवतोय, भोवती कौतुक चाललंय. दूर कोपऱ्यात, टेलिफोनच्या काचेच्या खोक्यात, फ्रेड एक फोन करतोय, ज्यात त्याचं प्रेम संपतंय. तिकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. घरात आरती चालू असावी, टाळ्या वाजत असाव्यात आणि आपलं सगळं लक्ष आतल्या खोलीत डॉक्टर काय सांगतात तिकडे असावं, तसं होतं. दिसणाऱ्या जखमेचं कौतुक चाललेलं असताना न दिसणारी जखम मागे कोपऱ्यात उभी आहे, हे टोलंड एक शब्दही न वापरता सांगतो.

चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली, त्यांतलं सहायक अभिनेत्याचं रसेलला. वर रसेलला आणखी एक खास ऑस्कर देण्यात आलं, आपल्या सोबतच्या माजी सैनिकांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकमेव माणूस.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. १९४४ च्या कायद्यानं अमेरिकेनं परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्ज आणि बेकारीच्या काळात भत्ता दिला. चित्रपटातल्या आशेला त्या कायद्याचा टेकू आहे. पण कृष्णवर्णीय सैनिकांना हे लाभ अनेक ठिकाणी नाकारले गेले, आणि त्यांची गोष्ट या चित्रपटात नाही.

मणक्यातली तार तुटते तेव्हा

आता पेटकरांच्या दुखापतीकडे येऊ. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. तो म्हणजे खांबावरून घरात येणारी मुख्य वायर. घरातले दिवे-पंखे सगळे ठीक आहेत, पण वायरच तुटली तर पुढच्या खोल्यांत अंधार. मज्जारज्जूला खालच्या बाजूला इजा झाली की दोन्ही पाय जातात, स्पर्श कळत नाही आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. याला पॅराप्लेजिया म्हणतात. या शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, आणि माणसाला सगळ्यांत जास्त तीच खाते.

पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत. गोळीनं नव्हे. एकाच कुशीवर पडून राहिल्यानं पाठीला व्रण व्हायचे, ते चिघळायचे, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जायचा. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी अशा सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. ते जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांचा पहिला नियम ऐकायला अगदी साधा होता: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. हे आणि नवी जंतुनाशक औषधं मिळाल्यावर माणसं जगू लागली. मग दुसरा प्रश्न आला, जगून करायचं काय? गुटमाननी त्यांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांच्या रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. पेटकर १९७२ साली ज्या तलावात उतरले त्याची वाट या वॉर्डातून जाते. तेही पोहायला लागले ते पदकासाठी नव्हे, उपचाराचा भाग म्हणून.

याच विषयावर १९५० मध्ये ‘द मेन’ आला. मार्लन ब्रँडोचा हा पहिला चित्रपट, दिग्दर्शक फ्रेड झिनेमान. लॉस एंजेलिसजवळच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याचं चित्रीकरण झालं आणि तिथल्या ४५ खऱ्या रुग्णांनी त्यात कामं केली. ब्रँडो आधी काही आठवडे त्यांच्याच वॉर्डात, चाकाच्या खुर्चीत राहिला. सुरुवातीलाच एक डॉक्टर रुग्णांच्या आया-बायकांना समोर बसवून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देतो. पाय परत येतील का? नाही. मूल होईल का? संसार कसा होईल? त्या काळात सिनेमात हे असं उघडपणे विचारलं गेलं, ही धाडसाचीच गोष्ट होती.

लग्नाच्या पहिल्या रात्री नव्या घरात ब्रँडोचा पाय आपोआप थरथरायला लागतो. तुटलेल्या वायरीच्या टोकाला अधूनमधून ठिणग्या उडाव्यात, तसं ते असतं. मेंदूचा हुकूम नसताना स्नायू आकसतात. बायको घाबरते, तिच्या चेहऱ्यावर क्षणभर पश्चात्ताप दिसतो आणि तो क्षण त्याला पुरतो. तो त्याच रात्री रुग्णालयात परत जातो. शेवटी तो पुन्हा तिच्या दाराशी येतो, तर दाराला पायऱ्या. ती विचारते, पायऱ्या चढायला मदत करू का? तो म्हणतो, हो, कर. एवढ्यावर चित्रपट संपतो. जिद्दीच्या गोष्टीत नायक शेवटी एकटा उभा राहतो. इथे तो शेवटी मदत घ्यायला शिकतो, आणि ती विचारून मदत करायला.

जखम दिसत नाही, मग मानायची कशी?

घरातला विजेचा ट्रिप होणारा स्विच बघा. मोठा शॉर्टसर्किट झाला की तो खाली पडतो आणि घर वाचवतो. पण एकदा मोठा झटका बसल्यावर तो बिघडला, तर नुसता मिक्सर लावला तरी पडतो. युद्धात सतत सावध राहून जगलेल्या माणसाच्या मेंदूचं असंच होऊ शकतं. फटाका वाजला, दार आपटलं की शरीर पुन्हा खंदकात जातं. झोप उडते, चिडचिड होते, माणसं नकोशी होतात. याला आघातानंतरचा मानसिक आजार, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी, म्हणतात. हा भित्रेपणा नाही आणि ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून सोडून देण्याची गोष्टही नाही.

पण हे मानायला फार वेळ लागला. १९४५ मध्ये जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकन लष्करासाठीच ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. न्यूयॉर्कजवळच्या लष्करी मनोरुग्णालयातले खरे सैनिक त्यात आहेत. एकाची वाचा गेलीय, एकाला चालता येत नाही, एकाला स्वतःचं नाव आठवत नाही, आणि शरीरावर जखम कुठेच नाही. गोरे-काळे सैनिक एकाच खोलीत बसून डॉक्टरशी बोलतात. लष्करानं तो दाबला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखवायच्या वेळी लष्करी पोलिसांनी येऊन प्रत नेली. कारण दिलं रुग्णांच्या खासगीपणाचं. त्यात तथ्य नव्हतंच असं नाही, आजारी माणसाचा चेहरा ही त्याची मालमत्ता आहे. पण ह्यूस्टन यांच्या मते खरं कारण वेगळं होतं. युद्धावरून येणारा माणूस अधिक कणखर होऊन येतो, ही समजूत लष्कराला जपायची होती. लोकांना तो पाहायला मिळाला १९८० च्या अखेरीस. आणि पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं तेही १९८० मध्येच.

अशा चित्रपटांनी फौजेचं मनोधैर्य खचत नाही का?

हा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं.

व्हिएतनाम युद्धानंतर आलेले चित्रपट १९४६ पेक्षा खूप कडवट आहेत. ‘कमिंग होम’ (१९७८) मध्ये जॉन व्हॉइट पाय लुळे पडलेला सैनिक आहे आणि जेन फोंडा रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून येते. दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळालं. १९८९ चा ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ ही रॉन कोविक यांची खरी कहाणी. स्वेच्छेनं मरीन दलात गेलेला मुलगा, जानेवारी १९६८ मध्ये छातीपासून खाली लुळा होऊन परततो. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन स्वतः त्या युद्धात दोनदा जखमी झाले होते. माजी सैनिकांच्या रुग्णालयातले प्रसंग बघवत नाहीत. उंदीर, अपुरी माणसं, हाक मारूनही न येणारी मदत. पुढे कोविक युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरतात, आणि ज्यांनी मिरवणुकीत टाळ्या वाजवल्या होत्या तेच त्यांना देशद्रोही म्हणतात.

माझं म्हणणं असं. हे बोलणारे लोक बाहेरचे नाहीत. ते गेले, लढले, जखमी झाले आणि मग बोलले. कोविक यांचा राग शत्रूवर जेवढा नाही तेवढा त्या अस्वच्छ वॉर्डवर आहे. मी सैनिक झाले असते तर मला खचवलं असतं ते त्या वॉर्डनं, त्यावरच्या चित्रपटानं नव्हे.

आपल्याकडे कुटुंब असतं की सांभाळायला

दुसरा आक्षेप. हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे घरचे बघतात.

घरचे बघतात, हे खरं. पण ‘घरचे’ म्हणजे कोण? बहुतेक वेळा एक बाई. २०१० चा ‘कॅटरपिलर’ हा जपानी चित्रपट यासाठी जरूर पाहावा, मन घट्ट करून. चीनमधल्या युद्धातून एक सैनिक दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावून गावी येतो. गाव त्याला ‘युद्धदेव’ म्हणून पुजतं, पदकं लावून, गणवेश घालून फिरवतं. त्याला भरवणं, पुसणं आणि त्याचा संताप झेलणं हे सगळं बायकोवर. हा नायक युद्धात स्त्रियांवर अत्याचार करून आलेला आहे, तेही चित्रपट लपवत नाही. बायकोचं काम करणाऱ्या शिनोबू तेराजिमा यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

तो बघताना मला माझ्या माहेरच्या शाळेतली एक पंधरा ऑगस्टची सकाळ आठवली. मी आठवीत होते. आमच्या गल्लीतल्या एका मेजरांना मणक्यात गोळी लागली होती, ते चाकाच्या खुर्चीत असायचे. त्यांचा सत्कार होता आणि स्टेजला तीन पायऱ्या. चार दांडगी पोरं धावली आणि त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. मैदानभर टाळ्या. त्यांनी दोन्ही बाजूंचे दांडे घट्ट धरले होते. उचलताना त्यांची टोपी खाली पडली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. शाल घालत होते, हार घालत होते आणि ते वाकून त्या टोपीकडे बघत होते. सत्कार करायचा हे आठवडाभर आधी ठरलं होतं. एक फळी तिरकी लावून उतार करायला अर्धा तास लागला असता.

कुटुंबाला टेकू देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्या पुण्यातच आहेत हे फार जणांना माहीत नसतं. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन येणाऱ्या सैनिकांना हातात काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती नंतर खडकीला आली. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकाच्या खुर्चीवरचा बास्केटबॉलही खेळला जातो. इतकं सगळं जवळ असून आपल्या पडद्यावर ही मधली वर्षं फारशी आलेली नाहीत. १९६१ च्या ‘हम दोनो’मध्ये देव आनंदचा मेजर वर्मा एक पाय गमावून घरी येतो, पण गोष्टीचा सगळा जीव चेहऱ्यांच्या सारखेपणात आहे, त्या पायात नाही. खडकीतल्या एखाद्या खोलीत, त्या माणसाच्या बायकोच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट मराठीत यावी, असं मला फार वाटतं.

नटानं करावं की खऱ्या जखमीनं?

ब्रँडोनं वॉर्डात राहून शिकलेलं काम खरं वाटतं. पण चित्रीकरण संपलं की तो खुर्चीतून उठून गेला. रसेलला उठून कुठे जायचं नव्हतं. त्यामुळे दोन्हींना जागा आहे असं मी म्हणेन, पण ‘द मेन’सारखं हवं, जिथे नटाच्या चारही बाजूंना खरे रुग्ण आहेत आणि खोटं वागलं तर त्यांच्याच चेहऱ्यावर कळेल.

भाचीला मी आधी १९४६ चाच चित्रपट दाखवला. १७२ मिनिटांचा आहे, तिनं दोन रात्रींत पाहिला. शेवटी होमरचं लग्न होतं आणि तो आकड्यानं विल्माच्या बोटात अंगठी सरकवतो. तिनं विचारलं, “आणि खऱ्या रसेलचं पुढे काय झालं?”

रसेल शिकला, माजी सैनिकांच्या संघटनेत काम केलं. १९६४ पासून दिव्यांगांना नोकऱ्या मिळाव्यात यासाठीच्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीचा तो अध्यक्ष होता. चित्रपटांत मात्र तो नंतर फारसा दिसला नाही. १९९२ मध्ये बायकोच्या उपचारांच्या खर्चासाठी त्यानं आपलं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर लिलावात विकलं. ६०,५०० डॉलर आले. आशा आणि धैर्यासाठी दिलेलं दुसरं त्यानं त्या लिलावात ठेवलं नाही.